टॉवरगुरुजी

उंच काही दिसलं की माणसं मान वर करतात. टॉवरगुरुजी मान खाली घालायचे. देऊळ असो, पाण्याची टाकी असो की मोबाइलचा मनोरा, आधी ते त्याच्या बुडाशी जाऊन उभे राहत, चपलेच्या टोकानं माती जराशी उकरून बघत आणि मग सवड उरलीच तर वर नजर टाकत. माणसांनाही त्यांचा हाच न्याय होता. आमची पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाआधी माझे पाय बघितले. मी अवघडले. ते म्हणाले, "चप्पल बदला. घाटाच्या पायऱ्यांवर ही टिकणार नाही, आणि हिच्यामागोमाग तुम्हीपण नाही." पंधरवड्यात चप्पल तुटली आणि मी थोडक्यात वाचले.

मी बँकेतली. बदली होऊन बनारसला आले आणि मराठी घर आहे एवढ्याच भरवशावर दुर्गाघाटावरच्या एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. खाली मालक वामनकाका राहत. ते वैदिक, पूजापाठ आणि अनुष्ठानं करणारे. त्यांची बायको म्हणजे काकू. आणि मागच्या खोलीत वामनकाकांचे थोरले भाऊ, सगळी नोकरी पवनचक्क्यांचे पाये घालण्यात काढून निवृत्तीनंतर घरी परतलेले इंजिनिअर. लग्न त्यांनी केलं नव्हतं. त्या घरात जन्मलेला प्रत्येक पुरुष गल्लीच्या लेखी गुरुजी असे, तेव्हा हे टॉवरगुरुजी झाले. त्यांनी गल्लीला पुष्कळ समजावून बघितलं की बाबांनो, मी पूजा सांगत नाही, काँक्रिट ओततो. गल्ली म्हणाली, "एक्कै बात हौ, गुरुजी."

पंखा हा शब्द मात्र त्यांना सोसत नसे. कोपऱ्यावरचा चहावाला मुद्दाम विचारायचा, "गुरुजी, ऊ पंखा केतना ऊँच होला?" की हे चहाचं मातीचं कुल्हड खाली ठेवत. "पंखा बिजली खाता है. ये बिजली देता है. खानेवाला और परोसनेवाला एक कैसे हुआ?" चहावाला कान पकडायचा आणि दुसऱ्या दिवशी परत तेच विचारायचा. मला वाटतं, त्या दोघांनाही या प्रश्नाची सवय झाली होती, आणि तो एखाद्या दिवशी विचारला गेला नसता तर टॉवरगुरुजींना चहा गोड लागला नसता.

त्यांच्या कृपेनं पवनचक्कीचे सगळे भाग मला तोंडपाठ आहेत. बँकेच्या कुठल्याही परीक्षेला त्यांचा उपयोग झालेला नाही. वरचा कारभार ते भरभर उरकत. तीन पाती, ती जिथं बसतात तो हब, हब फिरला की फिरणारा जाड दांडा, त्या दांड्याची संथ गती वाढवणारा गिअरबॉक्स आणि शेवटी वीज करणारा जनरेटर. हे सगळं एका बंद खोलीत असतं, खोली केवढी, तर एका बसएवढी, आणि तिला नॅसेल म्हणतात. तिच्या डोक्यावर वाऱ्याची दिशा सांगणारं एक छोटं यंत्र. ते सांगेल तशी अख्खी खोली मोटारी लावून वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. वारा फार माजला की पाती आपली कड त्याच्याकडे वळवतात आणि त्याला जाऊ देतात. "शहाण्या सुनेसारखं," असं ते म्हणत आणि काकूंकडे बघत. काकू म्हणत, "मी कधी दिलं जाऊ?"

वरून खाली उतरले की त्यांची चाल मंद होई. मनोरा म्हणजे एकावर एक उभे केलेले पोलादी नळकांड्याचे तुकडे. प्रत्येकाच्या काठाला भोकांची कड, कड कडेला लावून बोल्टांनी आवळलेली. तळाशी एक दार, आत शिडी. सगळ्यात खालचा तुकडा जमिनीतून वर आलेल्या बोल्टांच्या वर्तुळात बसवतात. आणि जमिनीखाली असतो पाया, परातीसारखा पसरलेला, आत लोखंडाची दाट जाळी, वर पुन्हा भरलेली माती. "माती का भरतात?" ते विचारत. मी आज्ञाधारकपणे सांगे, वजनासाठी. कारण वारा मनोऱ्याला खाली दाबत नाही, आडवा करायला बघतो, एका बाजूनं पाया उचकटायला बघतो. तेव्हा पाया आणि त्याच्यावरची माती त्याला धरून बसतात. इतकं झालं की टॉवरगुरुजी समाधानानं म्हणत, "वरचं सगळं बदलता येतं. पाती उतरवा, गिअरबॉक्स नवा आणा. पाया बिलकुल बदलता येत नाही."

बोल्ट हा त्यांचा दुसरा धर्म. बोल्ट ओळीनं आवळायचे नसतात, एक इकडचा, मग त्याच्या समोरचा, असं करत जायचं. आवळून झालं की नट आणि पत्रा यांच्यावरून रंगाची एक सरळ रेघ ओढायची. पुढं कधी रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट हलला. घरातल्या एकूण एक नटावर त्यांनी लाल रेघ ओढली होती. नळ, खाट, काकूंची शिवणयंत्राची घोडी, माझ्या स्कूटरची चाकं. गणेशोत्सवात मराठी मंडळी मांडव घालत, तेव्हा हे मांडववाल्याच्या मागं लाल रंगाची डबी घेऊन हिंडत. मूर्ती बसली, आरती झाली, लोक प्रसादाकडे वळले की हे परत एकदा सगळे खांब बघून येत. कुणी हसलं तर म्हणत, "ताणलेला बोल्ट नंतर थोडा सैलावतोच. एकदा आवळून विसरायचं नसतं. पुन्हा जाऊन बघायचं असतं."

आणि नारळाची गोष्ट. जिथं जिथं पाया घालायचा, मग तो साताऱ्याकडच्या पठारावर असो की कच्छात, तिथल्या लोकांना पायाच्या खड्ड्यात काहीतरी ठेवायचं असे. नारळ, सुपारी, नाणी, चांदीचा नाग. काँक्रिटच्या पोटात नारळ राहिला तर तो कुजतो आणि तिथं पोकळी राहते. इतर इंजिनिअर या गोष्टीवरून गावाशी भांडत. टॉवरगुरुजी भांडत नसत. ते पाया ओतण्याच्या आदल्या दिवशी स्वतः धोतर नेसून, लोखंडाची जाळी बांधून तयार झालेल्या खड्ड्याच्या काठी बसत आणि पूजा सांगत. अगदी आचमनापासून. बाप काशीतला वैदिक, लहानपणी मौंज होऊन चार वर्षं घोकंपट्टी झालेली, तेव्हा उच्चाराला कुणी नाव ठेवू शकत नसे. पूजा झाली की नारळ फोडून प्रसाद वाटायचा, बाकीचं सगळं गोळा करून बांधाखाली पुरायचं. देवही राजी, काँक्रिटही राजी. गल्ली एक्कै बात म्हणाली ते अगदीच खोटं नव्हतं.

आता या घरातली अडचण सांगते. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नसत. भांडण नाही, आदळआपट नाही, एकमेकांचं करण्यात कसूर नाही. टॉवरगुरुजींना पाणी तापवून द्यायला वामनकाका पहाटे उठत, आणि वामनकाकांच्या खडावा झिजल्या तर टॉवरगुरुजी नव्या आणून दारात ठेवत. पण शब्द नाही. सणावाराला मी त्यांच्या पंगतीला असे. मधे मी, दोन्ही बाजूंना दोन भाऊ. वामनकाका मला म्हणत, "त्यांना विचारा, भात घेणार का." टॉवरगुरुजी मला म्हणत, "सांगा, अर्धी मूद." भात माझ्या हातात नाही, अर्धी मूद माझ्या हातात नाही, मी नुसती टेलिफोनची तार. आधी मला हसू येई. मग समजलं की हे सोळा-सतरा वर्षांपासून चाललंय, त्यांतली बरीच वर्षं तर थोरले इथं नव्हतेच, आणि मग हसू येईनासं झालं.

कारण काकूंनी सांगितलं, शेंगा सोलता सोलता. "आमचे मामंजी गेले ना, तेव्हाची गोष्ट. सकाळी गेले. ह्यांनी लगेच दादांना फोन लावला. म्हणाले, बाबा गेले. दादा म्हणाले, 'बरं.' बस. आणि फोन ठेवला."

"मग?"

"मग काय. थोरला मुलगा तो. अग्नी द्यायचा हक त्यांचा. इतक्या लांबून येणं शक्यच नव्हतं, ते ह्यांना कळत होतं. पण नुसतं 'वामन, तू दे' एवढं तर म्हणायचं. हे मणिकर्णिकेवर बसून राहिले फोन घेऊन. लोक म्हणायला लागले, गुरुजी, किती वेळ? ह्यांनी परत परत लावला. उचलला नाही. संध्याकाळ व्हायला आली, तेव्हा ह्यांनी दिला अग्नी. दादा तिसऱ्या दिवशी आले. म्हणाले, पाया ओतायचा होता, काम अर्धवट सोडता येत नव्हतं. हे म्हणाले, बाप अर्धवट सोडता येतो? त्यानंतर नाही बोलले."

काम अर्धवट सोडता येत नव्हतं, हे मात्र खरं असावं. काँक्रिटची पहिली गाडी रिकामी व्हायला लागली की मधे थांबता येत नाही, हा धडाही माझा झाला होता. खालचा थर आळला आणि त्याच्यावर नवा पडला, तर दोघांत सांधा राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही, वारा तो बरोबर शोधून काढतो. त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीला एकदा तसं झालं होतं आणि अख्खा पाया फोडून काढावा लागला होता. तेव्हापासून ओतण्याच्या दिवशी टॉवरगुरुजी जेवायलाही खड्ड्याच्या काठावरून हलत नसत. पण हे सगळं ते मला सांगत. ज्याला सांगायचं तो भिंतीपलीकडे बसलेला असे. आणि त्या भावानं उभ्या जन्मात पवनचक्की पाहिलेली नव्हती. काशीची हद्द न ओलांडण्याचं व्रत त्यांनी वडिलांच्या मागं घेतलं होतं.

वामनकाकांकडे गावातली मराठी कुटुंबं सुतकाचे प्रश्न घेऊन येत. हा त्यांचा मोठा अधिकार. लग्न तोंडावर आणि चुलते गेले, आता काय? मुंज ठरली आणि भावकीत कुणी गेलं, आता काय? वामनकाका एकच विचारायचे. "आरंभ झाला होता का?" लग्नाचं नांदीश्राद्ध झालेलं असेल, पूजेचा संकल्प सोडलेला असेल, तर कार्य सुरू झालं. सुरू झालेल्या कार्याला सुतक लागत नाही. पार पाडा. आरंभ झाला नसेल तर थांबा. लोक हलके होऊन परत जायचे. मागच्या खोलीचं दार अशा वेळी नेहमी उघडं असे.

मी बँकेतली बाई, मला दोन अधिक दोन दिसल्यावर चार म्हटल्याशिवाय राहवत नाही. मी काकूंना म्हटलं, "मग टॉवरगुरुजींचं कामही सुरूच झालेलं असेल ना?" काकू म्हणाल्या, "ते ह्यांनी विचारायला पाहिजे आणि त्यांनी सांगायला पाहिजे. तू मधे नको पडू, तुला कच्चं खातील." मी पडले नाही. पण मला कळेना, इतकी वर्षं तो प्रश्न विचारला का गेला नसेल. पुढं उमगलं. उत्तर वाईट निघालं तर काय, याची वामनकाकांना भीती होती. न विचारता रागावून राहणं त्यांना सोपं पडत होतं.

मी तिथं राहायला आल्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात टॉवरगुरुजींचं हृदय बिघडलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन सोसणार नाही, जपून राहा. त्यांनी घरी आल्यावर मला सांगितलं, "गिअरबॉक्स गेलाय. आता क्रेन मिळत नाही." गंमत म्हणून सांगितलं, पण माझे डोळे भरून आले, आणि ते त्यांना आवडलं नाही. त्या आठवड्यात काकू नवऱ्याला म्हणाल्या, माझ्यादेखत, मोठ्यानं, "आता विचारून टाका. मागून कुणाला विचारणार, मणिकर्णिकेला?"

रविवार होता. मी फळं घेऊन मागच्या खोलीत बसले होते. ओसरीवर कुणीतरी सुतकाचं विचारून गेलं, आणि थोड्या वेळानं वामनकाका दारात आले. सवयीनं माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांना विचारा," आणि थांबले. मग खाटेकडे बघितलं.

"दादा."

टॉवरगुरुजींनी डोळे उघडले.

"त्या दिवशी माझा फोन आधी, का गाडी आधी?"

कुठला दिवस, कसली गाडी, हे दोघांनाही सांगावं लागलं नाही. खोटं बोलायला ही चांगली वेळ होती. मी मनातल्या मनात त्यांना म्हणत होते, गाडी म्हणा, गाडी म्हणा.

"फोन आधी," टॉवरगुरुजी म्हणाले. "गाड्या फाटकाशी उभ्या होत्या. ओतायला सुरुवात झाली नव्हती."

वामनकाका चौकट धरून उभे राहिले. मला वाटलं, संपलं. आता हे वळून जाणार आणि परत कधी या खोलीत पाऊल टाकणार नाहीत.

"तू 'बरं' म्हणालास."

"दुसरा शब्द आला असता तर मी कोसळलो असतो, वामन. मी कोसळलो असतो तर लोकांनी काम थांबवलं असतं. साहेबाचा बाप गेला म्हटल्यावर कोण ओतणार? मतलब, मी कुणाला सांगितलंच नाही. फोन जीपमध्ये ठेवला आणि काठावर जाऊन उभा राहिलो."

मग वामनकाकांनी विचारलं, अगदी ओसरीवर विचारत तशा आवाजात, "लोखंड बांधलेलं होतं?"

"हो. जाळी, बोल्टांचं वर्तुळ, सगळं."

"पूजा?"

"आदल्या दिवशी झाली."

"कोणी सांगितली?"

"मीच. नेहमी मीच सांगायचो."

"संकल्प सोडला होता?"

"संकल्पाशिवाय पूजा होते का रे? बाबांनी शिकवला तसा, सबंध म्हटला. हा पाया निर्विघ्न पुरा व्हावा म्हणून."

वामनकाका खाटेच्या कडेला बसले. "मग आरंभ आदल्या दिवशीच झाला होता," ते म्हणाले. "तुला सुतक नव्हतं, दादा."

टॉवरगुरुजी वर आढ्याकडे बघत राहिले. या निकालासाठी त्यांनी इतकी वर्षं दार उघडं ठेवलं होतं, आणि तो मिळाल्यावर ते हलके झाले असं काही दिसलं नाही.

"सुतक नव्हतं, ते ठीक," ते म्हणाले. "पण बाबा तर गेले होते ना रे."

वामनकाकांनी त्यांचा हात धरला. मी उठून स्वयंपाकघरात गेले. काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. न वळताच म्हणाल्या, "चाय टाक. आलं भरपूर घाल."

त्यानंतर त्या घरात इतकी बडबड झाली की मला वर झोप लागेना. सोळा-सतरा वर्षांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडत होतं. दोघे कशावरूनही भांडत. कढीत गूळ किती, बाबांचा आवाज कुणासारखा होता, लहानपणी नावेतून पाण्यात कोण पडलं आणि कुणी ढकललं. टॉवरगुरुजी भावाला ताटं, वाट्या आणि उभी केलेली लाटणी घेऊन पवनचक्की समजावून देत. वामनकाका सगळं ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "मतलब, पंखाच ना?" थोरल्याला हसताना धाप लागे, मग काकू दोघांना ओरडत. माझी तारेची नोकरी गेली. मला इतका आनंद कुठल्याच बढतीनं झालेला नाही.

हे फाल्गुनापर्यंत चाललं. एका सकाळी वामनकाका संकठा घाटावर देवळाच्या ओसरीत एका यजमानासाठी पारायणाला बसले. सुटी म्हणून मी घरी होते. टॉवरगुरुजी जेवले, काकूंशी दोन शब्द बोलले, आडवे झाले आणि गेले. काकूंनी त्यांच्या तोंडात गंगाजल घातलं आणि मला म्हणाल्या, "जा, ह्यांना सांग." मग म्हणाल्या, "संकल्प झालाय त्यांचा. पुरं करून आले तरी चालेल म्हणावं."

मी देवळाच्या पायरीशी जाऊन उभी राहिले. काही बोलायची गरज पडली नाही. वाचता वाचता त्यांनी मान वर केली, मला बघितलं, आणि त्यांचा आवाज थांबला. यजमान गडबडून गेला. त्याला कुणीतरी कानात सांगितलं, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "गुरुजी, आप ही ने तो बताया था. संकल्प के बाद सूतक नहीं लगता."

"नहीं लगता," वामनकाका म्हणाले, आणि उठले. पोथी तशीच उघडी होती. शेजारी बसलेल्या गुरुजींना त्यांनी हातानंच खूण केली, पुढचं तुम्ही बघा. मग ते पायऱ्या चढून गल्लीत शिरले. मी त्यांच्या मागं धावत होते. साठी उलटलेला माणूस, पण घर येईपर्यंत मला काही त्यांना गाठता आलं नाही.